जलचक्राच्या चित्रात माणूस का नसतो?

एक कागद घ्या आणि त्यावर जलचक्र काढा. खरंच काढा, दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही न्यू जर्सीत वाढलेले असा, लंडनजवळ, मस्कतमध्ये, किंवा दहावीपर्यंत पुण्यात शिकून मग बाहेर पडलेले असा. चित्र जवळपास एकच येईल. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, वर कोपऱ्यात सूर्य. समुद्रातून वर जाणारे नागमोडी बाण, मग ढग, ढगातून डोंगरावर तिरक्या रेघांचा पाऊस, डोंगरातून नदी आणि नदी परत समुद्रात. बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य. झालं चक्र पूर्ण.

आता त्या चित्रात माणूस शोधा. नळ, विहीर, धरण, शेत, पंप, काहीही चालेल. बहुतेक सापडणार नाही. यात तुमच्या चित्रकलेचा दोष नाही. २०१९ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये एक पेपर आला. त्यात संशोधकांनी १२ देशांतली ४६४ जलचक्राची चित्रं तपासली होती. माणसाचा पाण्याशी काही संबंध आहे एवढं तरी दाखवणारी चित्रं निघाली १५ टक्के. हवामानबदल किंवा प्रदूषण दाखवणारी २ टक्के. आणि त्याच पेपरचा हिशोब असा, की शेती, चराई, उद्योग आणि घरं मिळून माणूस जेवढं पाणी आपल्या कामाला लावतो, ते जगातल्या सगळ्या नद्यांच्या प्रवाहाच्या निम्म्याच्या घरात जातं. म्हणजे व्यवहारात निम्मा वाटा ज्याचा, तोच चित्रातून गायब.

‘सिस्टिम्स थिंकिंग’ हा शब्द हल्ली शाळांच्या माहितीपत्रकांवर सर्रास दिसतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही तो शिकवायचा म्हणतात, आणि सुरुवात हमखास चक्रांपासून होते: फुलपाखराचं जीवनचक्र, ऋतुचक्र, जलचक्र. माझा व्यवसाय इतिहासाचा, त्यामुळे मला आधी प्रश्न पडतो की हे चक्राचं चित्र आलं कुठून. कुणी तरी, कधी तरी, काही कारणासाठी ते काढलेलं असणार. ते कारण कळलं की चित्र काय शिकवतं आणि काय लपवतं, दोन्ही कळतं.

पहिली गंमत ही, की युरोपात शतकानुशतकं हे चक्र उलटं फिरत होतं. नद्यांना पाणी कुठून येतं? पावसातून, हे उत्तर आपल्याला उघड वाटतं. त्या काळच्या विद्वानांना ते पटायचं नाही. पाऊस तर अधूनमधून पडतो आणि नदी वर्षभर वाहते. सेनेका हा रोमन लेखक स्वतःच्या द्राक्षमळ्यात खणणारा माणूस. त्याचा अनुभव असा, की कितीही पाऊस पडला तरी दहा फुटांच्या खाली माती भिजत नाही. मग झरे कसे भरणार? त्यामुळे समुद्राचं पाणी जमिनीखालच्या भुयारांतून डोंगरांच्या पोटात चढतं, वाटेत त्याचं मीठ गळून जातं आणि ते झऱ्यांतून बाहेर पडतं, असं एक उत्तर पिढ्यानपिढ्या चालत आलं. अथानासियस किर्खर या जेझुइट विद्वानाने १६६५ मध्ये आपल्या ‘मुंडुस सुबतेरानेउस’ या ग्रंथात ही भुयारं आणि डोंगरांच्या पोटातले हौद मोठ्या थाटात चितारले. चित्रं इतकी देखणी आहेत की आजही पोस्टर म्हणून लावावीत. चक्र होतं, पूर्ण होतं, सगळे बाण जोडलेले होते. फक्त खोटं होतं.

हे खोटं कसं उघडं पडलं, हा भाग मला सगळ्यात आवडतो. ते पाडणारा माणूस कुणी थोर तत्त्ववेत्ता नव्हता. तो नोकरी गेलेला कर-अधिकारी होता.

पियेर पेरो. पॅरिसमध्ये राजाच्या करवसुलीचं मोठं पद त्याच्याकडे होतं. तो कर्जात बुडाला, देणी भागवायला करातल्या पैशाला हात लावला आणि १६६४ मध्ये कोल्बेर या मंत्र्याने त्याला काढून टाकलं. त्याचा धाकटा भाऊ शार्ल पेरो तुम्हाला वेगळ्या नात्याने माहीत आहे: सिंड्रेला आणि लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट आज आपण ज्या रूपात ओळखतो, ती लिहिणारा तोच. एका भावाने परीकथा लिहिल्या आणि दुसऱ्याने एक जुनी परीकथा मोडली. १६७४ मध्ये पियेरने झऱ्यांच्या उगमाबद्दल एक पुस्तक काढलं, तेही स्वतःचं नाव न घालता.

त्याने केलं काय, तर जमाखर्च. सीन नदीच्या उगमाजवळचा एक छोटा भाग घेतला. तिथे वर्षाला किती पाऊस पडतो याचा तीन वर्षांच्या नोंदींवरून अंदाज घेतला. आजच्या मापात तो सुमारे ५२० मिलिमीटर येतो. पावसाची ही उंची गुणिले त्या प्रदेशाचं क्षेत्रफळ म्हणजे जमा. नदीतून वर्षभरात वाहून जाणारं पाणी म्हणजे खर्च. दोन्ही आकडे ढोबळ होते, नदीचा तर फारच. पण उत्तर इतकं ठणठणीत आलं की ढोबळपणाने फरक पडला नाही: जमा ही खर्चाच्या सहापट होती. पाऊस कमी पडतो ही तक्रारच निकालात निघाली. उलट आता प्रश्न असा झाला, की उरलेले पाच भाग जातात कुठे?

त्याचं उत्तर द्यायला एडमंड हॅली पुढे आला. हो, धूमकेतूवाला. त्याने एका पसरट भांड्यात समुद्राइतकं खारट पाणी घेतलं, ते भर उन्हाळ्यातल्या हवेइतकं कोमट ठेवलं आणि भांडं तराजूला लावलं. दोन तासांत वजन किती घटलं ते पाहिलं. त्यावरून त्याने १६८७ मध्ये भूमध्य समुद्राचा हिशोब मांडला: उन्हाळ्याच्या एका दिवसात ५२८ कोटी टन पाणी वाफ होऊन जातं. मग त्या समुद्राला मिळणाऱ्या नऊ मोठ्या नद्या घेतल्या, प्रत्येक नदी थेम्सच्या दहापट धरली आणि आवक काढली: रोज सुमारे १८२ कोटी ७० लाख टन. नदी थेम्सच्या नऊपट नाही, अकरापट नाही, दहापटच का? समुद्राला मिळणारे लहानसहान ओढेही त्यात धरले जावेत म्हणून. पण मुद्दा सिद्ध झाला. समुद्रावरून उडणारं पाणी नद्यांना पुरून उरतं, भुयारांची गरज नाही.

पेरो आणि हॅली या दोघांनीही चक्राचं चित्र काढून काही सिद्ध केलं नाही, हे लक्षात घ्या. चित्र किर्खरकडे होतं, आणि फार सुंदर होतं. या दोघांकडे आवक-जावक होती. किती आलं, किती गेलं, किती उरलं. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या कचेरीत टपालाची जी आवक-जावक वही असते, साधारण त्याच जातीचं काम. पुढे शाळेत मात्र चित्र पोचलं आणि वही मागे राहिली.

आज आपण पाठ करतो तसं गोल फिरणारं जलचक्र खूप अलीकडचं आहे. रॉबर्ट हॉर्टन या अमेरिकन जलशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये एक भाषण छापलं. त्यात चक्क एक वर्तुळ आहे, त्यावर पाण्याचे टप्पे मांडलेले. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकन जिओफिजिकल युनियनमध्ये जलशास्त्राचा वेगळा विभाग सुरू झाला होता. तोवर पाण्याचं काम म्हणजे इंजिनियरांचं काम समजलं जायचं. हॉर्टनला दाखवायचं होतं की हे एक स्वतंत्र शास्त्र आहे, त्याला स्वतःचा विषय आहे, आणि तो विषय म्हणजे हे चक्र. म्हणजे ते वर्तुळ एका नव्या शास्त्राची सातबाऱ्यावरची नोंद होती, असं म्हटलं तरी चालेल. जेमी लिंटन या कॅनेडियन भूगोलकाराने २०१० च्या पुस्तकात हा इतिहास उलगडला आहे. त्याचा रोख असा की निसर्गाचं शास्त्र म्हणून जागा मिळवताना माणसांना, त्यांच्या कालव्यांना आणि भांडणांना चित्राबाहेर ठेवणं सोयीचं होतं. शिवाय ते वर्तुळ समशीतोष्ण देशांतल्या माणसाने काढलेलं आहे. तिथे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो, नदी बऱ्यापैकी एकसारखी वाहते, चाक शांतपणे फिरत राहतं.

हे चाक मुंबईत नेऊन बघा. वर्षभराच्या पावसातला नव्वद टक्क्यांहून जास्त जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने चाक जवळजवळ थांबलेलं असतं. आपल्या आजी-आजोबांच्या पंचांगात पावसाचं चित्र गोल नव्हतंच; ते तुकड्यातुकड्यांचं होतं. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, अशी तेरा-चौदा दिवसांची नक्षत्रं, आणि प्रत्येकाचं वाहन: यंदा आर्द्राचं वाहन मोर की गाढव की बेडूक, यावरून पावसाचा अंदाज. अंदाज बरोबर यायचा असा माझा दावा मुळीच नाही. पण पाऊस कधी पडतो आणि दोन पावसांत खंड किती, हा त्या मांडणीचा मुख्य प्रश्न होता, आणि शेतकऱ्याला तोच प्रश्न महत्त्वाचा असतो. गोल चित्रात ‘कधी’ला जागाच नाही.

‘कुठे’चीही तीच गत. कोयना नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी आंध्रातून बंगालच्या उपसागरात जातं. पुस्तकातला निळा बाण पूर्वेकडे. पण १९६० च्या दशकापासून धरणातलं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला खाली सोडलं जातं. पोफळीला त्यावर वीज होते आणि ते वाशिष्ठी नदीत उतरून चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळतं. धरणाची क्षमता साधारण १०५ टीएमसी. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला ठरवून दिलेली मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. एक अख्खी नदी डोंगर फोडून उलट्या समुद्रात जाते आणि ती कुठल्याही जलचक्राच्या चित्रात नाही. गंमत बघा: समुद्राचं आणि डोंगराचं पाणी भुयारांनी जोडलेलं असतं ही किर्खरची कल्पना खोटी ठरली होती. आपण ती भुयारं पुढे खरोखर खणली, फक्त बाण उलटा.

तुमच्यातले जे दुबईत वाढलेत, त्यांच्यासाठी तर पुस्तकातलं चित्र आणखी परकं. तुमच्या नळाचं जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं मीठ काढून केलेलं. ढग, डोंगर, नदी हे सगळे टप्पे गाळून समुद्रातून थेट नळात. तरी वहीत मात्र तुम्ही डोंगरच काढला असणार.

हे झालं चित्राचं. आता मुलांचं. लहान मूल हे चित्र पाहतं तेव्हा त्याला काय कळतं?

जिनिव्हात ज्याँ पियाजे यांनी १९२० च्या दशकात मुलांना अगदी साधे प्रश्न विचारले: ढग कुठून येतात? पाऊस कोण पाडतं? लहान मुलं सांगत की ढग म्हणजे घरांच्या धुराड्यांतला धूर. नद्या माणसांनी खणल्या, तळी माणसांनी भरली. मुलांच्या जगात सगळं कुणीतरी कशासाठी तरी बनवलेलं असतं. पियाजे यांनी याला मुलांच्या विचाराचा एक टप्पा मानलं; वय वाढलं की मूल यातून बाहेर येतं. मला मात्र हे वाचताना हसू येतं. पाण्याच्या गोष्टीत माणूस आहे हे पाच वर्षांच्या मुलाला आपसूक वाटत असतं, शाळा त्याला पुढे तो काढून टाकायला शिकवते, आणि मग कॉलेजात पर्यावरणाच्या पेपरला तो परत घालावा लागतो.

पुढचं महत्त्वाचं काम इस्राएलमध्ये झालं. वर्दा बार यांनी १९८९ मध्ये पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांच्या जलचक्राबद्दलच्या समजुती मांडल्या. फरशीवर सांडलेलं पाणी वाळलं, म्हणजे गेलं कुठे? लहान मुलांचं उत्तर: ‘संपलं’, किंवा ‘जमिनीत गेलं’. ते डोळ्यांना न दिसता हवेत आहे, आणि तितकंच आहे, हे समजायला बरीच वर्षं लागतात. म्हणजे अडचण गोल बाणाची नव्हती. बाण तर कुणीही गिरवतं. अडचण होती ती ‘पाणी संपत नाही’ हे मनात ठरण्याची. ते ठरलं नसेल, तर जलचक्र ही मुलासाठी फक्त एक पाठ केलेली नक्षी.

नंतर ओरित बेन-झ्वी असाराफ आणि नीर ओरियन यांनी थोड्या मोठ्या मुलांना जलचक्र काढायला सांगितलं, तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. मुलं आकाशातला भाग व्यवस्थित काढत. जमिनीखालचा भाग बहुतेकांच्या चित्रात नसेच. आणि भूजल म्हणजे काय विचारलं, तर जमिनीखाली एक तळं आहे, त्यात पाणी स्थिर उभं आहे, असं वर्णन. खडकांच्या फटींतून, वाळूच्या कणांमधून हळूहळू सरकणारं पाणी कुणाच्या डोळ्यांसमोर येत नव्हतं. याच दोघांनी हेही दाखवलं की मुलांना बाहेर नेलं, प्रत्यक्ष प्रयोग करायला लावले, एकाचा दुसऱ्याशी संबंध बोलून दाखवायला लावला, तर हे बदलतं. पुढे त्यांनी चौथीच्या मुलांबरोबरही काम केलं. लहान मुलांना व्यवस्थेचा विचार जमतच नाही, असं काही त्यातून निघालं नाही.

आता एक वळण घेऊन अमेरिकेत जाऊ, कारण ‘सिस्टिम्स थिंकिंग’ शाळेत आणण्याचा सगळ्यात नेटाचा प्रयत्न तिथे झाला, आणि तो शिक्षणतज्ज्ञांनी केला नव्हता.

जे फॉरेस्टर हा नेब्रास्कातल्या गुरांच्या रँचवर वाढलेला मुलगा. शाळेत असतानाच त्याने जुन्या गाड्यांच्या भागांतून पवनचक्की बनवून घरात वीज आणली. पुढे एमआयटीत त्याने संगणकाच्या मेमरीचं पायाभूत काम केलं आणि १९५६ मध्ये तो एकदम मॅनेजमेंट स्कूलला गेला. तिथे जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी त्याला एक कोडं सांगितलं. केंटकीतल्या त्यांच्या कारखान्यांत कधी माणसं तीन-चार पाळ्यांत राबतात, तर काही वर्षांनी निम्म्यांना घरी बसवावं लागतं. बाजारच वरखाली होतो, असा सगळ्यांचा समज. फॉरेस्टरने वहीत हाताने आकडे मांडले: माल किती शिल्लक, ऑर्डरी किती, कामगार किती, दर आठवड्याला काय निर्णय होतो. बाजार स्थिर धरला तरी आकडे वरखाली होतच राहिले. हेलकावे बाहेरून येत नव्हते, कारखान्याच्या स्वतःच्या नियमांतून आणि दिरंगाईतून निघत होते. या वहीतून ‘सिस्टिम डायनॅमिक्स’ नावाची शाखा उभी राहिली, आणि तिच्यातून १९७२ चं गाजलेलं ‘द लिमिट्स टू ग्रोथ’. या सगळ्याच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत: साठा, आणि त्यात होणारी आवक-जावक. पेरोचीच वही.

फॉरेस्टरचे एमआयटीतले जुने गुरू गॉर्डन ब्राऊन निवृत्त होऊन ॲरिझोनातल्या टूसानला राहायला गेले. १९८५ मध्ये बॅरी रिचमंड यांनी ‘स्टेला’ नावाचं सॉफ्टवेअर काढलं होतं. त्यात पडद्यावर चौकोनी हौद आणि नळ जोडून मॉडेल बनवता यायचं. ब्राऊन यांनी ते उचललं आणि गावातल्या ऑरेंज ग्रोव्ह मिडल स्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवणाऱ्या फ्रँक ड्रेपर यांना दाखवलं. हरणांची संख्या, गवत, शिकारी: मुलं स्वतः मॉडेल बांधून चालवायला लागली. फॉरेस्टर यांनी नंतर लिहिलं आहे, की ठरलेला अभ्यासक्रम सत्र संपायच्या बराच आधी संपला आणि ड्रेपर यांना आपलं काही शिकवायचं राहिलं की काय, अशी शंका आली. १९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ‘क्रिएटिव्ह लर्निंग एक्सचेंज’ ही संस्था निघाली. तिथल्याच कार्लाइल गावातल्या शाळेत रॉब क्वेडन आणि ॲलन टिकॉटस्की यांनी संगणक न वापरता लहान मुलांसाठी खेळ रचले. त्यातला सगळ्यात साधा मला फार आवडतो: वर्गाच्या मध्ये गोल, दर फेरीला काही मुलं आत येतात, काही बाहेर जातात, आणि आत किती राहिली याचा आलेख बाकीचे काढतात. दर फेरीला दोन आत आणि एक बाहेर, तर रेघ कशी जाईल? एक आत आणि दोन बाहेर? दोन्ही सारखे केले तर? पहिलीतलं मूलही हे अंगाने समजून घेतं, कारण ते स्वतःच त्या साठ्यात उभं असतं.

आणि हे मोठ्यांना येतं असं समजू नका. २००० मध्ये लिंडा बूथ स्वीनी आणि जॉन स्टरमन यांनी एमआयटीतल्या मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांना टबचं कोडं घातलं. नळातून येणाऱ्या पाण्याचा आलेख दिलेला, बाहेर जाणारं पाणी दिलेलं, टबात किती पाणी आहे त्याचा आलेख काढा. आवक सतत चढउतार करणारी दिली तेव्हा गाडं निम्म्याच्या आसपासच अडलं. जगातल्या नामांकित विद्यापीठातले, गणित शिकलेले लोक. पुढे २००७ मध्ये त्याच दोघांनी टबाच्या जागी हवेतला कार्बन डायऑक्साइड ठेवला. बहुसंख्य विद्यार्थ्यांना वाटलं, की उत्सर्जन वाढायचं थांबलं की हवेतलं प्रमाणही वाढायचं थांबेल. तसं होत नाही. नळ तेवढाच सोडलेला राहिला आणि मोरी त्यापेक्षा बारीक असली, तर टब भरतच राहणार. हवेत किती कार्बन आहे यावर पृथ्वीचं तापमान अवलंबून, आणि धोरण ठरवणारी पिढी टब आणि नळ यांत गोंधळते. गोल चक्राच्या चित्राची किंमत इथे मोजावी लागते. ‘कार्बनचक्र’ म्हटलं की मनात सगळं फिरून जागेवर येतं, काही साचत नाही.

यात आपल्याकडची एक वस्तू मात्र मला उगाच आठवत राहते. पाचवी-सहावीतली हौद आणि नळाची गणितं! एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत रिकामा करतो, दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? तुमच्या आईबाबांना विचारा, बहुतेक जण हसतील किंवा कण्हतील. ही परंपरा बरीच जुनी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० मध्ये, चार झरे वेगवेगळ्या वेगाने एक हौद भरतात, सगळे एकदम सोडले तर किती वेळात भरेल, असं उदाहरण आहे, उत्तर येतं दिवसाचा बारावा भाग. (चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या घराण्याचा १२०७ चा शिलालेख आहे, कधी गेलात तर बघा.) म्हणजे साठा आणि ओघ यांचं उदाहरण आपल्या प्रत्येक पुस्तकात होतं. पण ते गणिताच्या तासाला, आणि जलचक्र विज्ञानाच्या तासाला. मधली भिंत कुणी पाडली नाही. एका पुस्तकात आकडे होते पण पाणी नव्हतं. दुसऱ्यात पाणी होतं पण आकडे नव्हते.

म्हणून कुणी रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवत असेल आणि मला विचारेल, तर माझं मत सरळ आहे: चक्र नंतर, हौद आधी. चार-पाच वर्षांच्या मुलाला बादली, एक भोक पाडलेला डबा आणि एक तांब्या द्या. डबा भरलेला ठेवायचा, एवढाच खेळ. भोक मोठं केलं तर? तांब्या लहान केला तर? ताटलीत पाणी ठेवून रोज पट्टीने मोजा, आणि दुसऱ्या ताटलीवर काच झाका. ‘संपलं’ म्हणणाऱ्या मुलाला काचेच्या आतले थेंब दाखवा. मग चित्र काढू द्या, आणि चित्रात स्वतःच्या घरचा नळ काढायला सांगा. तो नळ कुठून येतो याचा बाण मुलाला स्वतःला शोधू द्या. ह्यूस्टनचं चित्र आणि अबू धाबीचं चित्र वेगळं यायलाच हवं. सारखं आलं, तर कुठेतरी नक्कल झाली आहे.

चित्रही बदलतं आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचं, यूएसजीएसचं, जुनं जलचक्र ६० हून अधिक भाषांत गेलं होतं. जगातल्या कित्येक पाठ्यपुस्तकांतली चित्रं त्याच साच्यातली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी नवीन काढलं. त्यात शहरं आहेत, शेतं आहेत, गुरं आहेत, धरणं आहेत. पहिल्यांदा बघताना गर्दी वाटते, सगळे बाण एकमेकांत अडकल्यासारखे दिसतात. सुटसुटीतपणा गेला, अशी शिक्षकांनी तक्रार केली तर मी समजू शकतो. पण कोयनेचा बोगदा दाखवायला त्या चित्रात निदान जागा तरी आहे.

पेरोची वही आज कुठे चालू आहे ते बघायचं असेल, तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जा. पावसाचं प्रमाण जेमतेम, वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर, म्हणजे पेरोच्या सीनपेक्षाही कमी. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने नियम केले: शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. दरवर्षी पावसाळा संपला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून गावात किती पाणी आलं याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढतात. मग उरलेल्या पाण्यात रब्बीला काय पेरायचं आणि काय नाही, यावर चर्चा सुरू होते.